तुमी आमचेच मा? अनेक जमातींचा एक देश कसा होतो

गेल्या गणपतीत आमच्या मालवणच्या घरी मॉरिशसहून एक गृहस्थ आले होते. साठी उलटलेले, निवृत्त शिक्षक. मुंबईतल्या एका स्नेह्यांनी पाठवलेले. त्यांच्या पाकिटात एका जुन्या नोंदीची झेरॉक्स होती. क्रमांक, नाव, बापाचं नाव, वय, जात, जिल्हा, गाव, जहाज. ती त्यांच्या पणजोबांची नोंद, मॉरिशसमधल्या मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटच्या दप्तरातली. जिल्ह्याच्या रकान्यात साहेबाच्या कारकुनानं लिहिलेलं 'रत्नागिरी' कसंबसं लागत होतं. गावाच्या रकान्यात जे होतं ते आमच्या पडवीत सात जणांनी सात प्रकारे वाचलं. त्यात तेव्हाच्या रत्नागिरी जिल्ह्यात मालवण, देवगड, वेंगुर्लाही धरलेले. सिंधुदुर्ग वेगळा झाला तो १९८१ मध्ये. म्हणजे बाणकोटपासून वेंगुर्ल्यापर्यंत कुठंही शोधा.

संध्याकाळी पाहुणे माटवीखाली (गणपतीवरच्या सजवलेल्या चौकटीखाली) आरतीला उभे राहिले आणि 'सुखकर्ता'पासून 'घालीन लोटांगण'पर्यंत एक कडवं चुकले नाहीत. उच्चार जरा फ्रेंच वळणाचे, चाल मात्र आमच्यापेक्षा संथ. काकी बघतच राहिली. आरती फिरवून झाल्यावर तिनं विचारलं, "मगे तुमी आमचेच मा?"

ते शब्द जुळवत म्हणाले, "मूळ इथलं. मी मॉरिशसचा."

"म्हंजे आमचेच!"

ते हसले आणि गप्प झाले. काकीला वाटलं होकार मिळाला. मला वाटलं, नाही मिळाला.

आपल्याकडे मॉरिशसचं नाव निघालं की 'छोटा भारत' हे शब्द ठरलेले. १२ मार्च २०२५ ला तिथल्या राष्ट्रीय दिनाला आपले पंतप्रधान प्रमुख पाहुणे होते, तेव्हाही व्हॉट्सअ‍ॅपवर हेच फिरत होतं. पण मूळ भारतीय, मूळ आफ्रिकी, मूळ चिनी, मूळ फ्रेंच अशी माणसं ज्या बेटावर राहतात तो देश स्वतःला कुणाची छोटी आवृत्ती म्हणवून घेईल तर टिकेल कसा? आणि आज टिकला आहे तो कशाच्या बळावर? श्रीलंका, रवांडा, लेबनॉन अशा देशांच्या बातम्या वाचताना डोकं चक्रावतं ते याच प्रश्नापाशी. तेव्हा जरा मुळापासून बघू.

सातबारा आणि शाकारणी

दोन शब्दांची आपण नेहमी गल्लत करतो: राज्य आणि राष्ट्र. फरक कळायला कोकणातला सातबारा पुरेसा आहे. एका घरावर चाळीस नावं. काही मुंबईत, काही पुण्यात, काही वर गेलेली, तरी कागदावर हयात. कायद्यानं सगळे मालक. हे झालं राज्य: सीमा, कायदा, कागद. पण पावसाआधी घर शाकारायला कोण येतो, गणपतीआधी भिंतीला रंग कोण काढतो, आणि ते करताना 'हे आपलं घर' असं किती जणांच्या मनात असतं, ते झालं राष्ट्र. कागद एका दिवसात होतो. दुसऱ्या गोष्टीला पिढ्या लागतात, आणि कधी कधी ती होतच नाही.

तिसरा शब्द 'वांशिक गट'. आपले पूर्वज एक, रीतभात एक, बहुधा भाषा किंवा धर्मही एक असं ज्यांना वाटतं त्यांचा समूह. 'वाटतं' हा शब्द मी मुद्दाम वापरला आहे, कारण रक्त तपासून कुणी गट ठरवत नाही. यापुढं मी नुसतं 'जमात' म्हणेन.

युरोपीय सत्तांनी नकाशावर रेघा ओढल्या, शेतमळ्यांसाठी माणसं जहाजांत भरून इकडची तिकडं नेली आणि विसाव्या शतकात एकेक करून निघून गेल्या. मागं राहिले ते चाळीस नावांचे सातबारे.

रिकाम्या बेटावर आलेली माणसं

मॉरिशसला मूळ रहिवासी असे नव्हतेच. आधी डच आले आणि गेले. मग फ्रेंचांनी आफ्रिकेतून आणि मादागास्करमधून गुलाम आणले. १८१० मध्ये इंग्रजांनी बेट घेतलं, १८३५ मध्ये तिथली गुलामगिरी संपली आणि उसाच्या मळ्यांना मजूर पाहिजे झाले. म्हणून करारावर हिंदुस्थानातली माणसं नेली. करार म्हणजे 'अ‍ॅग्रीमेंट', त्याचा आपल्या तोंडी झाला 'गिरमिट', आणि ही माणसं झाली गिरमिटिया. पहिली तुकडी २ नोव्हेंबर १८३४ ला 'अ‍ॅटलास' जहाजातून उतरली, ३६ जणांची. पुढच्या ऐंशी-नव्वद वर्षांत साडेचार लाखांच्या आसपास माणसं गेली. बहुतेक भोजपुरी पट्ट्यातली, संख्येनं त्यांच्याखालोखाल तमिळ आणि तेलुगू. मुंबई बंदरातून गेले ते आपले, त्यांत कोकणातले पुष्कळ. शिवाय चिनी व्यापारी, गुजराती मुसलमान दुकानदार, आणि वर मळ्यांचे मालक फ्रेंच.

हे सगळं २,०४० चौरस किलोमीटरमध्ये, म्हणजे आमच्या सिंधुदुर्गाच्या निम्म्याहूनही कमी जागेत.

स्वातंत्र्य १२ मार्च १९६८ चं. पण आदल्या वर्षीच्या निवडणुकीत सुमारे ४४ टक्के मतं पडली होती स्वातंत्र्याला विरोध करणाऱ्या पक्षाला. 'इंग्रज गेला की हिंदूंचं राज्य येणार' ही धास्ती. जानेवारी १९६८ मध्ये राजधानी पोर्ट लुईमध्ये क्रिओल (गुलामांचे वंशज) आणि मुसलमान यांच्यात दंगल झाली, ब्रिटिश सैन्य बोलवावं लागलं. त्याच्या काही वर्षं आधी जेम्स मीड या अर्थतज्ज्ञांनी, पुढं नोबेल मिळालेल्या, या बेटाचं भविष्य फारसं बरं दिसत नाही असं लिहून ठेवलं होतं. तेव्हा कुणीही तेच लिहिलं असतं.

मानकऱ्यांचा हिशेब

इथं आपल्याकडच्या गावऱ्हाटीचा, म्हणजे गावच्या देवस्थानातल्या मानपानाच्या रीतीचा उपयोग होतो. बारापाच मानकरी असलेल्या गावात देवाचा नारळ कोणी ठेवायचा, तरंग (देवांचे सजवलेले खांब) कोणी धरायचे, पालखीला पहिला खांदा कोणाचा, हे सगळं ठरलेलं. शहरातल्या माणसाला हा पोरखेळ वाटतो. एका नारळावरून पालखी वर्षानुवर्षं बंद पडलेली ज्यानं पाहिली आहे त्याला वाटत नाही. मान म्हणजे काही मोठा फायदा नसतो. 'गाव तुझाही आहे' याची ती चारचौघांतली पावती असते.

मॉरिशसनं अशीच पावती घटनेत लिहिली. निवडणुकीतून ६२ सदस्य येतात. त्यानंतर आठपर्यंत जागा अशा पराभूत उमेदवारांना देता येतात ज्यांची जमात सभागृहात कमी पडली आहे. नावही सरळ आहे, 'बेस्ट लूझर', म्हणजे हरलेल्यांतला सर्वांत पुढचा. त्यासाठी घटनेनं चार खाती केली: हिंदू, मुसलमान, चिनी आणि 'जनरल पॉप्युलेशन', म्हणजे पहिल्या तिघांत न बसणारे सगळे. आता या चौथ्या खात्याची गंमत बघा. गुलामांचे वंशज आणि त्या गुलामांच्या मालकांचे वंशज, दोघंही त्यातच.

पण नियमानं धास्ती कमी केली. निवडणूक हरलो तरी आपण सभागृहातून पुसले जाणार नाही, एवढी हमी मिळाली की माणूस रस्त्यावर दगड घेऊन येण्याआधी दोनदा विचार करतो. पहिले पंतप्रधान शिवसागर रामगुलाम यांनी आणखी एक केलं. स्वातंत्र्याला विरोध करणाऱ्या पक्षाचे नेते गाएतान दुवाल यांनाच १९६९ मध्ये सरकारात घेतलं आणि परराष्ट्र खातं दिलं. काल ज्याचे समर्थक 'हा देशच नको' म्हणत होते, तो जगभर त्या देशाच्या वतीनं बोलू लागला. सगळ्या घटनात्मक तरतुदींपेक्षा मला ही चाल मोठी वाटते.

नोटेवरची एक ओळ

मान किती बारीक गोष्टीत अडकतो त्याचा किस्सा पाहुण्यांनीच रात्री पडवीत सांगितला. मॉरिशसच्या नोटांवर किंमत तीन भाषांत असते: इंग्रजी, तमिळ, हिंदी, याच क्रमानं. १९९८ मध्ये नव्या नोटा आल्या, त्यांवर हिंदी वर आणि तमिळ खाली. एवढंच. किंमत तीच, कागद तोच.

तमिळ लोक रस्त्यावर आले. आम्ही या बेटावर आधी आलो, आमची ओळ खाली का? हिंदी भाषकांची संख्या मोठी आहे हे उत्तर त्यांना ऐकायचंच नव्हतं, कारण भीती नेमकी त्याचीच होती: उद्या प्रत्येक गोष्ट संख्येवर ठरली तर? शेवटी नोटा मागं घेतल्या, जुना क्रम परत आणला, मध्यवर्ती बँकेच्या गव्हर्नरांना पद सोडावं लागलं.

माझा भाऊ म्हणाला, "एका ओळीसाठी एवढा खर्च!" पाहुणे म्हणाले, दंगलीपेक्षा स्वस्त पडला. ते इंग्रजीत बोलले होते, पण पडवीतल्या सगळ्यांना कळलं. आमच्या वाडीतल्या एका मानाच्या भांडणात तीन पिढ्या कोर्टात गेल्या आहेत.

घरात बोलता काय?

मग काकीनं नेमका प्रश्न विचारला. "घराक काय बोलतास? मराठीच मा?"

"क्रेओल."

"ती कोणाची भास?"

ते जरा अडखळले. "तशी कोणाचीच नाही."

क्रेओल ही फ्रेंच मालक आणि आफ्रिकी गुलाम यांच्यात मळ्यावर जन्मलेली भाषा. शब्द बहुतेक फ्रेंच, बांधणी स्वतःची, पुढं तिच्यात भोजपुरी शब्दही शिरले. आज ऐंशी टक्क्यांहून जास्त लोक घरात तीच बोलतात. शाळेत तिला ऐच्छिक विषय म्हणून जागा मिळाली ती मात्र थेट २०१२ मध्ये, कारण ती 'मोडकी फ्रेंच' समजली जाई. तिचा मान कमी होता हेच एका परीनं पथ्यावर पडलं. ती बोलल्यानं कुणी जिंकत नव्हतं आणि कुणी हरत नव्हतं.

असं ज्यावर कुणाच्या घराण्याची मालकी नाही ते काहीतरी बहुतेक टिकलेल्या देशांत सापडतं. गावातली समाईक विहीर जशी. टांझानियात ते स्वाहिली भाषेनं केलं. तिथं १२० च्या वर जमाती, आणि कुठलीच इतकी मोठी नाही की बाकीच्यांवर दादागिरी करील. स्वाहिली ही किनाऱ्यावरच्या व्यापाराची भाषा. तिच्यात 'गारी' म्हणजे गाडी आणि 'चपाती' म्हणजे चपातीच, इतके आपल्या बाजूचे शब्दही तिकडं पोचलेले. तिथले पहिले राष्ट्राध्यक्ष ज्युलियस न्येरेरे यांनी ती शाळेत, कचेरीत, राजकारणात आणली, आणि एका भागातली मुलं माध्यमिक शाळेला दुसऱ्या भागात जाऊन वसतिगृहात राहू लागली. शेजारच्या केनियात जमातीच राजकारणाचा कणा राहिल्या. पुढं संशोधकांनी दोन्ही देशांतल्या एकेका ग्रामीण जिल्ह्याची तुलना केली. केनियात जिथं जमाती मिसळून राहत तिथं शाळेसाठी वर्गणी कमी जमत होती आणि विहिरींची देखभाल कमी होत होती. टांझानियात तसा फरक दिसला नाही. वर्गणी कोण देतो आणि कोण टाळतो हे बघणं हा राष्ट्रभावना मोजायचा मला सर्वांत प्रामाणिक मार्ग वाटतो.

टांझानियाचं चित्र फार गोड करायला नको. न्येरेरे यांच्या काळातच, १९७१ मध्ये, भाड्यानं दिलेल्या इमारती सरकारनं ताब्यात घेतल्या. त्यांतल्या पुष्कळ भारतीय वंशाच्या लोकांच्या होत्या, आणि त्यांतले बरेच देश सोडून गेले. समाईक घरातही बाहेरची पडवी कुणाच्या तरी वाट्याला येतेच.

"मग सरळ एकच भाषा सक्तीची करा ना!"

हा आक्षेप ठरलेला. टांझानियाला जमलं, मग सगळ्यांनीच करावं. पण टांझानियानं मोठ्या जमातीची भाषा लादली नाही, मधली घेतली. मोठ्याची लादली की काय होतं ते बघायला श्रीलंका आहे. १९५६ च्या कायद्यानं तिथं सिंहली ही एकमेव राजभाषा झाली. तमिळ तरुणाला सरकारी नोकरीसाठी अचानक परक्या भाषेत परीक्षा. कॉल्विन डी सिल्वा या सिंहली नेत्यांनीच तेव्हा बजावलं होतं की दोन भाषा ठेवाल तर देश एक राहील, एक ठेवाल तर दोन होतील. १९८७ मध्ये घटनादुरुस्ती करून तमिळलाही राजभाषा केलं, पण तोवर युद्ध सुरू होऊन चार वर्षं झाली होती. ते संपलं २००९ मध्ये.

आपल्याकडे उलट भीती होती. भाषावार राज्यं केली तर देश फुटेल असं मोठमोठ्यांना वाटत होतं. १९५६ मध्ये राज्यांची पुनर्रचना झाली, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला, आणि भाषेच्या नावानं देश फुटला नाही. आपलं घर नीट मिळाल्यावर माणसं मोठ्या घरात निवांत बसली, असं मला वाटतं. सगळे वाद मिटले असं नव्हे. बेळगावचं नाव घेतलं तर आमच्याकडे अजून चहा थंड होतो.

आणि भाषा, देव, जेवण सारखं असलं म्हणजे ओळख एक होते का? याचं उत्तर आमच्या दाराशी आहे. तेरेखोलच्या खाडीपलीकडे गोवा. सोयरीक तिकडची, नाटकमंडळ्या तिकडच्या, माशाच्या आमटीत फरक असला तर तिरफळाचा. १६ जानेवारी १९६७ ला गोमंतकीयांनी मतदान करून महाराष्ट्रात विलीन व्हायला नकार दिला: विरोधात १,७२,१९१ आणि बाजूनं १,३८,१७०. त्यात ख्रिस्ती होते तसे हिंदूही होते. आमच्याकडची जुनी माणसं अजून म्हणतात, "आमचेच असान नाय म्हणाले." काकीचा पाहुण्यांबद्दलचा घोळही याच जातीचा. सारखं असणं एक आणि 'आम्ही' म्हणणं निराळं.

"जमाती मोजायच्याच बंद करा"

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. खाती केली म्हणूनच भांडणं होतात, खाती पुसा.

यात तथ्य आहे. लेबनॉनकडं बघा. १९४३ मध्ये तिथल्या नेत्यांनी तोंडी करार केला: राष्ट्राध्यक्ष मॅरोनाइट ख्रिस्ती, पंतप्रधान सुन्नी, सभापती शिया, आणि संसदेत सहा ख्रिस्तींमागं पाच मुसलमान. आधार होता १९३२ च्या जनगणनेचा. लोकसंख्या बदलत गेली, पण सरकारी जनगणना पुन्हा झाली नाही. खरा आकडा बाहेर आला तर करार कोसळेल, म्हणून मोजायचंच नाही. १९७५ ला यादवी पेटली. तिच्या शेवटी १९८९ च्या करारानं प्रमाण निम्मं-निम्मं केलं, खाती मात्र तशीच ठेवली. तिथं माणूस आधी पंथाचा आणि मग देशाचा, कारण पदं आणि जागा पंथाच्या दारातून मिळतात.

मॉरिशसचंही थोडं तसंच झालं. जमात विचारणारी शेवटची जनगणना १९७२ ची. जमातीचा प्रश्न पुढं वगळला तो चांगल्या हेतूनं. पण बेस्ट लूझरच्या जागा पुढची कित्येक दशकं त्याच जुन्या आकड्यांवर वाटल्या गेल्या. निवडणुकीला उभं राहायचं तर अर्जावर जमात लिहावीच लागे, नाही लिहिली तर अर्ज बाद. काही तरुणांनी 'आम्ही फक्त मॉरिशियन' म्हणत संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीकडं दाद मागितली, आणि २०१२ मध्ये समितीनं त्यांच्या बाजूनं मत दिलं. २०१४ च्या निवडणुकीपुरती मग जमात न लिहिण्याची मुभा मिळाली.

मी याला प्लास्टर म्हणेन. मोडलेलं हाड जुळायला ते लागतंच, त्याच्याशिवाय पाय वाकडा बसला असता. पण पन्नास वर्षं कुणी प्लास्टर ठेवत नाही. आणि तरी ते काढायला हात धजत नाही, याचंही कारण आहे. २०२४ च्या निवडणुकीत एकाच आघाडीनं ६२ पैकी ६० जागा जिंकल्या. सभागृहात मुख्य विरोधी पक्षाचा आवाज उरला तो या जादा जागांमुळं.

खाती एका फटक्यात पुसायचं उदाहरण रवांडाचं. बेल्जियमच्या अमलात, १९३० च्या दशकात, तिथं प्रत्येकाच्या ओळखपत्रावर 'हुतू' किंवा 'तुत्सी' छापलं गेलं. १९९४ मध्ये रस्त्यारस्त्यांवर तेच कार्ड बघून माणसं मारली, शंभर दिवसांत आठ लाखांच्या आसपास. त्यानंतर कार्डावरची ती ओळ गेली, आणि सार्वजनिक जीवनात जमातीचं राजकारण करणं गुन्हा झालं. सगळे फक्त रवांडन. अशा संहारानंतर दुसरं काय करणार, हे मलाही पटतं. पण तोच कायदा सरकारवर टीका करणाऱ्याचं तोंड बंद करायलाही वापरता येतो, आणि तसा तो वापरला गेल्याची तक्रार मानवाधिकार संघटना वर्षानुवर्षं करत आल्या आहेत. शब्द पुसल्यावर राग कुठं जातो ते बाहेरून दिसत नाही.

"पैसा आला की सगळं मिटतं"

थोडं मिटतं. मॉरिशसनं साखरेला युरोपात चांगला भाव मिळवला, १९७० नंतर कापड कारखाने आणले, मग पर्यटन. कारखान्यात तमिळ मुलगी आणि क्रिओल मुलगी एका बाकावर बसून शिवू लागल्या.

पण वाटणी सारखी झाली नाही. फेब्रुवारी १९९९ मध्ये 'काया' नावानं गाणारा लाडका क्रिओल गायक पोलीस कोठडीत मेला आणि बेट काही दिवस पेटलं. ज्या देशाचा जगभर 'चमत्कार' म्हणून गौरव चालला होता तिथं. गुलामांच्या वंशजांना वाटत होतं, हा भरभराटीचा संसार आपल्या डोक्यावरून चाललाय. तेव्हा राष्ट्राध्यक्ष कासम उतीम, जे स्वतः मुसलमान, वस्त्यांतून फिरून लोकांशी बोलले आणि आग निवली. तक्रार मात्र संपली नाही. स्वातंत्र्यापासून पंतप्रधानपद बहुतेक काळ रामगुलाम आणि जगन्नाथ या दोन घराण्यांत फिरलं आहे. अहिंदू पंतप्रधान एकच झाला: पॉल बेरांजे, २००३ ते २००५. 'आम्ही सगळे एक' हे वाक्य कुणाच्या तोंडून येतं यावर त्याची किंमत ठरते, आणि खुर्चीवर बसलेल्याला ते नेहमीच सोपं जातं.

वेशीबाहेरच्या तीन रात्री

हिशेब, भाषा, पैसा या सगळ्यानंतर एक गोष्ट उरते, ती कायद्यात बसवता येत नाही. ती आमच्या तालुक्यात आचऱ्याला बघायला मिळते. दर काही वर्षांनी रामेश्वराचा कौल झाला की गावपळण होते. सगळा गाव, गुरंढोरं, कोंबड्या, कुत्री, म्हातारी माणसं घेऊन, घरं मोकळी टाकून वेशीबाहेर जातो. तीन दिवस, तीन रात्री झापांच्या झोपड्यांत. हिंदू जातात, मुसलमान जातात, ख्रिस्ती जातात. देवाचा कौल हिंदूंचा, पण पळायचं सगळ्यांनी. का, याला प्रत्येकाचं उत्तर वेगळं. तीन रात्री मात्र कुणाचीही चूल कुणाच्याही मिठाला जाते, आणि पुढची कित्येक वर्षं 'त्या गावपळणीत' अशी सुरुवात करून सांगायच्या गोष्टी मिळतात.

देशांना अशा गोष्टी मुद्दाम घडवाव्या लागतात. रवांडात महिन्याच्या शेवटच्या शनिवारी सगळे श्रमदानाला बाहेर पडतात, सक्तीनं, आणि सक्तीचं श्रमदान म्हणजे काय हे शाळेत गवत उपटलेल्या कुणालाही माहीत आहे. सिंगापूरनं १९८९ पासून सरकारी इमारतींत कुठल्या जमातीची किती घरं याला मर्यादा घातली, म्हणजे लिफ्टमध्ये तरी रोज भेट व्हावी. मॉरिशसनं सण वाटून घेतले. महाशिवरात्रीला सुट्टी, तमिळांच्या काव्हडीला, चिनी नववर्षाला, ईदला, नाताळला आणि गणेश चतुर्थीलाही. शिवाय १ फेब्रुवारीला गुलामगिरी संपल्याचा दिवस आणि २ नोव्हेंबरला मजूर उतरल्याचा. युनेस्कोच्या जागतिक वारशात बेटावरच्या दोन जागा आहेत: मजूर जिथं उतरत तो आप्रवासी घाट, आणि पळालेले गुलाम जिथं लपत तो ल मोर्नचा डोंगर. एक दुःख मोठं आणि दुसरं छोटं ठरवलं नाही, हे मला यातलं शहाणपण वाटतं.

"मग मूळ ओळख पुसली जाते"

हा शेवटचा आक्षेप काकीचा. तिनं तो असा मांडला: "मगे मराठी ऱ्हवली खंय?"

राहिली आहे. तिथल्या सरकारी शाळांत मराठी हा विषय घेता येतो. आपल्याकडे गणपतीत पायात चाळ बांधून जाखडी नाचतात, तोच नाच तिकडं 'झाकरी' म्हणून अजून होतो. मोका इथल्या महाराष्ट्र भवनात २०२३ पासून छत्रपती शिवाजी महाराजांचा पुतळा आहे. पाहुण्यांची सून क्रिओल आहे, ख्रिस्ती. ती मोदकाचं सारण ढवळते आणि नाताळला केक करते. त्यांच्या नातीला विचारलं तू कोण, तर ती आधी मॉरिशियन म्हणते, मग कधी मराठी म्हणते, कधी विसरते. हे सांगताना त्यांच्या आवाजात थोडं दुखणं होतं, लपवलं नाही त्यांनी. एखादी गोष्ट समाईक करताना प्रत्येकाचं थोडं थोडं जातंच. श्रीलंकेतल्या तमिळाला सगळंच सोड म्हटलं होतं, यांना पायरीपायरीनं स्वतःहून सोडता आलं. हा फरक बाहेरच्याला बारीक दिसेल.

गाव काही सापडलं नाही. तिसऱ्या दिवशी ते निघाले तेव्हा काकीनं खाजा आणि दोन नारळ पिशवीत घातले आणि आमच्या थोरल्या काकांना म्हणाली, गाऱ्हाणं घाला. काका गणपतीसमोर उभे राहिले, आम्ही मागं. पाहुणे चपला काढून परत आत आले.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आज ह्यो तुझो लेकरू सात समुद्रापलीकडसून तुझ्या पायाकडे इलो हा. तेचो गाव खयचो तो आमका गावलो नाय, पण तुका ठावक आसा. तेचा, तेच्या पोराबाळांचा, आनि तो जंय ऱ्हवता त्या देशाचा बरा कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आम्ही म्हणालो. पाहुण्यांनी इकडंतिकडं पाहिलं, आणि आमचं म्हणून झाल्यावर एकटेच म्हणाले, "व्हय म्हाराजा."